भाईसाठी केलेला सागवानी भोंगा

मी सुतार माणूस. वारंगा फाट्यावर रोडला लागून माझं दुकान हाय. चौकटी, दारं, दिवाण, लग्नाचे पाट, हेच आयुष्यभर केलं. आता लोक लोखंडी चौकटी बसवतात, दार तयार आणतात, अन् मला बोलावतात ते दार खाली घासतंय, जरा तासून द्या म्हणून. मी जातो, तासतो, अन् मनातल्या मनात शिव्या घालतो. घरचे म्हणतात, तुमचं डोकं सदा तापलेलं. व्हय, हाय तापलेलं. पण हे जे सांगून राहिलो, त्यात राग कुणावर काढावा ते मला अजून कळलं न्हाई.

कळमनुरीत माझा एक दोस्त होता. सगळं गाव त्याला भाई म्हणायचं, मीबी भाईच म्हणायचो. त्याची लाऊडस्पीकरची सर्विस होती. लग्न, सप्ताह, उरूस, शाळेचं झेंडावंदन, इलेक्शन, कुठंबी बघा, भोंगे भाईचेच. नरसीकडच्या एका गावात तर सप्त्याला त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाचे भोंगे लावायचेच न्हाई. कीर्तनकार मंडपात पाय ठेवायच्या आधी विचारायचे, भाई आलाय का? मंडपाच्या बल्ल्या मी ठोकायचो अन् त्या बल्लीच्या टोकाला भोंगा तो बांधायचा. आमची दोस्ती तिथली. मी खाली उभं राहून ओरडायचो, अबे पडशील, अन् तो वरून म्हणायचा, मिस्त्री, तू ठोकलेली बल्ली हाय, पडलो तर तुझं नाव खराब.

मग डीजे आले. भाईचे पत्र्याचे भोंगे माळ्यावर गेले. ते दुःख त्यानं गिळलं. दुसरं मात्र गिळता आलं न्हाई, कारण ते गळ्यातच झालं. तंबाखूनं केलं ते. ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक पाडलं, श्वास घ्यायचा तो तिथून. बोलणं बंद. काही सांगायला गेला की त्या भोकातून नुसतं ख्सूं-ख्सूं व्हायचं. मग तो पाटी-पेन्सिल घेऊन फिरायला लागला. पाटीवरबी तो मोठ्या अक्षरात लिहायचा, मागच्या माणसाला दिसावं म्हणून.

त्याचं पोरगं अन् सून पुण्याकडं कंपनीत कामाला. त्यांची लेक, भाईची नात, आजी-आजोबाजवळ कळमनुरीत. ती झाली ती ऑपरेशनच्या नंतर. म्हणजे तिनं आजोबाचा आवाज कधी ऐकलाच न्हाई. पाळण्यातली होती तवा भाई तिच्यावर वाकला, अन् गळ्यातून तो आवाज निघाला, अन् पोरगी जी किंचाळली. तेवढं त्याच्या मनात बसलं. पुढं तो गळ्याला रुमाल बांधून, तिच्यापासून चार हात लांबूनच तिला बघायचा. पोरगी आता चार वर्षांची झाली होती, अन् भाईचा आजार परत आला होता. डॉक्टरनं साफ सांगितलं, आता जास्त दिवस न्हाईत.

मी भेटायला गेलो तवा त्यानं पाटीवर लिहिलं, 'पोरीला माझा आवाज ऐकवायचा. एकदा.' बस, एवढंच मागणं. मला आधी राग आला, मग रडू आलं, अन् ते लपवायला मी चहा गरम न्हाई म्हणून भाभीवर, भाईच्या बायकोवर, उगीच खेकसलो.

आता आवाज आणायचा कुठून? भाईनं जन्मभर दुसऱ्याचे आवाज मोठे केले, स्वतःचा कुठं ठेवलाच न्हाई. माळ्यावर कीर्तनाच्या कॅसेटी होत्या, दोन पोती भरून. आमी दोघं म्हातारे एक एक लावत बसलो. भाई टेप रेकॉर्डर आधीच चालू करून ठेवायचा अन् मग माईक तपासायचा. त्यामुळं एका कॅसेटच्या सुरुवातीला तो सापडला. 'हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. आवाज बराबर येऊन राहिला का? चपला बाहेर काढा, मंडळी. लेकरं हाताला धरून ठेवा.' मग खाकरला, कुणाला तरी म्हणला, 'पाणी दे रे बाबा,' अन् मृदंग सुरू झाला. मिनिटभराचंबी न्हाई. दोन पोत्यांत माझा दोस्त एवढाच होता.

ते मोबाईलवर घेतलं अन् पोरीला ऐकवलं. मोबाईलमधून आवाज असा चिरका आला, की पोरीनं मोबाईल हातात घेऊन कार्टून लाव म्हणलं. मग भाईनं हौसेनं माळ्यावरून पत्र्याचा भोंगा उतरवला. तो अंगणात लावला तर पोरीनं कान झाकले अन् भोकाड पसरलं. पत्र्याचा भोंगा शेवटी रानात ऐकू जायला केलेला, घरात तो झेपत न्हाई. भाई भिंतीला टेकून बसला. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

लाकडाची गोष्ट तवा मला सुचली. दोन वर्षांमागं हैदराबादचा एक शौकीन माणूस भाईकडं जुनी युनिटं विकत घ्यायला आला होता. युनिट म्हणजे भोंग्याच्या मागं बसवतात तो डबा, त्यातला पातळ पडदा थरथरतो अन् आवाज निघतो. त्या माणसाला त्या युनिटांना लाकडाचे भोंगे पाहिजे होते, लाकडात आवाज गोड येतो म्हणला. भाईनं त्याला माझ्याकडं पाठवलं. मी त्याच्या नकाशावरून एक जोडी करून दिली. न्यायच्या आधी आमी दुकानात वाजवून बघितली. पत्र्याची ती कर्र कुठंच नव्हती, माणूस समोर बसून बोलतोय असं वाटलं. म्हणून मी भाईला म्हणलं, तुझ्या आवाजासाठी एक करतो. सागवानाचा. पोरगी कान झाकणार न्हाई.

त्यानं माझा हात धरला तो सोडेचना.

लाकूड मी एका पाडलेल्या घराच्या जुन्या तुळयांमधून काढलं. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं सागवान, आता हलणार न्हाई, चिरणार न्हाई. नकाशा आमी नवीन काढला, कारण हैदराबादवाल्याचा भोंगा गाण्यासाठी होता अन् आमाला माणसाचं बोलणं पाहिजे होतं. हिशोब साधा हाय, पण सुताराचं डोकं फिरवणारा हाय. युनिटजवळ भोक एक इंचाचं. तिथून पुढं दर चार इंचाला आतली जागा, म्हणजे भोकाची रुंदी न्हाई तर क्षेत्रफळ, दुप्पट झाली पाहिजे. घाईनं पसरवलं तर आवाज ओरडतो, उशीर केला तर गुदमरतो. असं करत बत्तीस इंचावर तोंड सोळा इंचाचं होतं. मी एक एक इंच जाडीच्या बत्तीस कड्या करायच्या ठरवल्या, प्रत्येक कडी आठ तुकडे जोडून, अन् मग कडीवर कडी सरसानं चिकटवून आतून घासत न्यायचं. माझी खराद दिवाणाचे पाय कातायची, तिच्यात हे मावणारं नव्हतं. सगळं हातानं.

भाई रोज सकाळच्या गाडीनं कळमनुरीहून यायला लागला. पहिल्या दिवशी दुकानात शिरला अन् माझं डोकं सणकलं. मी म्हणलं, अक्कल गहाण ठेवलीस का? गळ्याला भोक, अन् लाकडाच्या भुश्यात येऊन बसतो? डॉक्टरनं धुळीपासून लांब राहायला सांगितलं होतं. तो हसला, म्हणजे त्याचे खांदे हलले. मग मी त्याला समोरच्या लिंबाखाली खाट टाकून दिली. गळ्यावर ओला रुमाल, मांडीवर पाटी, अन् हातात कात्री. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे घरून घेऊन यायचा अन् प्रत्येक कडीचं माप कापून द्यायचा. त्याचा हात फार बारीक. पाव सुताचा फरक पडला तरी पुठ्ठा फाडून नवीन कापायचा. दुपारी आमी सोबत जेवायचो. संध्याकाळच्या गाडीनं तो परत.

एकदा मी विचारलं, दिवसभर इथं असतोस, पोरगी काय म्हणते? त्यानं लिहिलं, 'ती उठायच्या आधी निघतो. मला बघून डरते. अगोदर आवाज, मग मी.' मी म्हणलं, बराबर हाय. हे मी म्हणलं. माझ्या तोंडानं.

तीन महिने गेले. एकविसाव्या कडीला तडा गेला, कारण ती बाहेर उन्हात माझ्याकडून राहिली. त्यात आठ दिवस गेले. मी त्या दिवशी पटाशी फेकून मारली भिंतीला. भाईनं उठून ती उचलली, धार बघितली, अन् माझ्या हातात परत दिली. तो वाळत चालला होता. बाही मोकळी पडायला लागली होती. मी ते बघत होतो अन् बघत नव्हतोबी. माझ्या डोक्यात एकच, भोंगा असा झाला पाहिजे की बोट फिरवलं तर कुठं सांधा लागू नये.

अन् तसाच झाला. आतून तेलपाणी केल्यावर असा दिसायचा की मला माझाच विश्वास बसेना. मागं लोखंडाची जाड पट्टी, तिला आटे पाडून घेतले, त्यात युनिट फिरवून बसवलं. पट्टी अन् लाकडाच्या मधी टायरच्या ट्यूबचं रबर, म्हणजे थरथर लाकडाला लागू नये. वजन दहा किलोच्या आसपास. आमी तो गोणपाटात गुंडाळून, जीपमधी मांडीवर घेऊन कळमनुरीला नेला.

आता पुढचं सांगताना मला लाज वाटते. भाईच्या घरात समोरची एकच मोठी खोली, मागं स्वयंपाकघर. आमी दोघांनी जराबी विचार केला न्हाई. चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. भोंगा वर पाहिजे, माणसाचा हात पोचू नये इतका वर, अन् तोंड बाहेर, लोकांकडं. मी शिडी लावली, दारावरच्या तुळईला चार बोल्ट आरपार मारले, अन् भोंगा रस्त्याकडं तोंड करून घट्ट बसवला. भाई खालून हातानं सांगत होता, अजून थोडा खाली झुकव, बस. मग त्याची जुनी रीत. भोंगा तपासायचा तर लांब जाऊन. एकानं मशीनपाशी बसायचं अन् दुसऱ्यानं आवाज जिथवर पोचायला पाहिजे तिथं उभं राहायचं, बराबर आला की हात वर करायचा. तो काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी, चौकात जाऊन उभा राहिला. मी कॅसेट लावली.

'हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन.'

चौकात भाईनं हात वर केला.

काय आवाज आला म्हणून सांगू. गल्लीतले लोक बाहेर आले. चहाच्या टपरीवाला हातातली किटली तशीच धरून उभा राहिला. एक म्हातारा म्हणला, अरे भाई बोलायला लागला काय? बाया दारात येऊन डोळे पुसू लागल्या. भाई चौकातून येत होता अन् लोक त्याच्या पाठीवर हात ठेवत होते. मलाबी रडू आवरलं न्हाई. मला वाटलं, जन्माचं काम झालं.

मग भाभी आतून आली. हाताला पीठ होतं. म्हणली, "मिस्त्रीभाई, काय वाजवून राहिले तुमी? आत तर नुसतं भण्ण-भण्ण येतंय, एक शब्द कळंना."

पोरगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. भोंग्याच्या पाठीमागं. सगळ्या गल्लीनं ऐकलं, अन् जिच्यासाठी केला तिला काहीच ऐकू गेलं न्हाई. चाळीस वर्षांत आमचा भोंगा ऐकणारा कधी घरातला नव्हताच, तो कायम लांबचा. मी कपाळावर हात मारून घेतला.

तिला बाहेर रस्त्यावर आणून उभं करावं म्हणलं तर तिथं ही गर्दी. ती आजीच्या पदराआड गेली. भाईनं नको म्हणून हात हलवला, गर्दीत न्हाई. मग काय करायला पाहिजे होतं? बोल्ट काढायचे, भोंगा खाली घ्यायचा, पाटावर ठेवायचा, मागं दोन उशा लावायच्या अन् पोरीला समोर बसवायचं. अर्ध्या तासाचं काम. पण भोंगा जमिनीवर ठेवून आमच्यात कोणी वाजवलाय? तो खाली ठेवणं म्हणजे काम अर्धवट. भाईच्या मनात आलं न्हाई, माझ्याबी न्हाई. उलट मी ऐटीत म्हणलं, चार दिवस दे, याला सागवानाचा स्टँड करून आणतो, पोरीच्या उंचीचा. भाईनं पाटीवर लिहिलं, 'चांगला कर.'

तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. छातीत कफ झाला, नांदेडला नेला. मी स्टँडचे पाय कातत होतो तवा फोन आला की बोलवा सगळ्यांना. मी पोचलो तवा त्याला शुद्ध होती, पण हातात पाटी धरवत नव्हती. माझ्याकडं बघून त्यानं कानाला हात लावला. मी म्हणलं, ऐकवतो, झालाच समज. सहाव्या दिवशी तो गेला.

छातीत भुसा गेला होता का, हे मी डॉक्टरला विचारलं न्हाई. हिंमतच झाली न्हाई.

त्याचा चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा फातिहा, झाल्यावर मी स्टँड घेऊन गेलो. बोल्ट काढले. भोंगा खाली घेतला, खोलीच्या मधी बसवला, पोरीच्या तोंडाएवढ्या उंचीवर. भाभी भिंतीला टेकून बसली. पोरीला मी समोर बसवलं. म्हणलं, बेटा, आता तुझे दादा बोलणार. त्यांच्यात आजोबाला दादा म्हणतात. पोरगी भोंग्याच्या आत वाकून बघायला लागली.

मी कॅसेट लावली. या वेळेला एक एक शब्द सुटा आला. 'आवाज बराबर येऊन राहिला का? चपला बाहेर काढा, मंडळी. लेकरं हाताला धरून ठेवा.' पाणी मागितलेलंबी ऐकू आलं. पोरीनं कान झाकले न्हाईत. शांत ऐकलं. संपल्यावर माझ्याकडं बघून म्हणली, "ये दादा नै."

मी म्हणलं, दादाच हाय बेटा, तुझ्या दादाचाच आवाज हाय.

"नै. दादा ऐसा नै बोलते." मग तिनं मान वर केली, गळ्याच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं, अन् तोंड मिटून आवाज काढला. ख्सूं. ख्सूं-ख्सूं. "ऐसा बोलते."

हुबेहूब. मी हादरलो. मी भाभीला विचारलं, ही भेत होती ना त्याला?

भाभी म्हणली, "लहान होती तवा भेली असंल एकदा. आता काहून भेईल? ती बाहुलीशी तशीच बोलते. सकाळी उठली की पहिलं दादा कुठं म्हणून विचारायची. मी सांगायची, वारंग्याला गेले. मग दिवसभर दारात बसून तसा आवाज काढत राहायची. संध्याकाळी आले की हे रुमाल बांधून बाजूला जाऊन बसायचे, अन् ती दारातून बघायची. मी म्हणलं त्यांना दोनदा, जवळ घ्या तिला. तर लिहून दाखवलं, मिस्त्रीचं काम होऊ दे."

मी मशीन बंद केलं. पोरगी भोंग्यात तोंड घालून ख्सूं-ख्सूं करत होती, आतून तिला तिचाच आवाज मोठा होऊन येत होता अन् ती हसत होती. मला तिथं बसवेना.

लोक म्हणतात, मिस्त्री, तू दोस्तासाठी लई केलं. मी त्यांच्यावर खेकसतो. तीन महिने तो माझ्याकडं लिंबाखाली पुठ्ठे कापत बसला, अन् ती तिकडं दारात बसली. दहा कड्या कमी सफाईच्या केल्या असत्या तर महिन्यात झालं असतं. पण मला घाई नव्हती. खरं सांगायचं तर रिकाम्या दुकानात तो आला की मला बरं वाटायचं, सकाळची गाडी आली की मी रोडकडं बघायचो. म्हणून मी त्याला एकदाबी म्हणलं न्हाई की भाई, आज येऊ नको, आज घरी बस.